श्वासमार्गातील कर्करोग आणि प्रकाशाची परीक्षा



आजच्या व्याख्यानाचा विषय फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका लहानशा, परंतु महत्त्वाच्या भागापुरता मर्यादित आहे. मोठ्या श्वासनलिकांच्या अस्तरात उगम पावणारा कर्करोग अगदी आरंभीच्या अवस्थेत, म्हणजे तो खोल रुजण्यापूर्वी, डोळ्यांना दिसू शकेल काय, आणि तो दिसावा यासाठी वैद्यकाने प्रकाशाचे कोणकोणते प्रयोग केले, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता हा प्रश्न केवळ यंत्रांचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो रायपूरसारख्या शहरात अधिकच बोचतो. वेळेवर सापडला असता तर बरा झाला असता असा रोग इतक्या उशिरा का सापडतो ?

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर ही त्याची राजधानी झाली. शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, पश्चिमेस भिलाईचा पोलाद कारखाना आहे आणि पलीकडे कोरब्याला कोळशाच्या खाणी व औष्णिक वीजकेंद्रे आहेत. राज्याच्या जंगलांत उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जातो. ही पाने विड्या वळणाऱ्यांच्या सुपांत जाऊन पडतात. सीमेपलीकडे महाराष्ट्रात गोंदिया आणि भंडारा या भागांत विडीचा धंदा कित्येक पिढ्यांपासून चालत आला आहे. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत छत्तीसगडमधील प्रौढांपैकी सुमारे ३९ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. त्यात खाण्याच्या तंबाखूचा आणि दातांना लावायच्या गुडाखूचा वाटा फार मोठा आहे, हे खरे. परंतु विडी ओढणाराही येथे दुर्मिळ नाही, आणि विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते ही समजूत निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला आणि २०१३ साली बाहेरच्या दूषित हवेला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या गोष्टींच्या वर्गात घातले. घरात कोळसा जाळल्याने होणारा धूर त्या वर्गात आधीच होता. धुराशी ज्यांचे रोजचे नाते आहे अशा प्रदेशात हा विषय बोलला जात आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

प्रथम श्वासमार्गाची रचना पाहू. घशाखालून निघणारी मुख्य श्वासनलिका सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. छातीत ती दोन शाखांत विभागते; या शाखांना श्वसनी म्हणतात. प्रत्येक श्वसनीला पुन्हा शाखा फुटतात, त्यांना उपशाखा फुटतात, आणि असे विभाजन सुमारे २३ वेळा होऊन अखेर वायुकोश येतात. उलट्या लावलेल्या झाडाची कल्पना केली म्हणजे ही रचना सहज समजते : बुंधा वर, पाने खाली. डॉक्टर नाकातून किंवा तोंडातून जी नळी आत घालतात, ती या झाडाच्या बुंध्यापर्यंत आणि पहिल्या चार-पाच फांद्यांपर्यंत पोहोचते. पानांपर्यंत पोहोचत नाही. ही मर्यादा मूलभूत आहे आणि पुढच्या विवेचनात तिचा उल्लेख पुन्हा येईल.

या नळ्यांच्या आतील अस्तर निरोगी अवस्थेत उंचट पेशींचे असते. त्या पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म रोम असतात. शेतात वाऱ्याने पीक हलावे तसे ते एका लयीत हलतात आणि धूळ व कफ वर ढकलतात. वर्षानुवर्षे धूर लागला की हे रोम झडतात आणि उंचट पेशींच्या जागी चपट्या, फरशीसारख्या पेशी येतात. हा बदल म्हणजे कर्करोग नव्हे. मारा सहन करण्यासाठी अस्तराने घातलेले ते चिलखत म्हणता येईल. परंतु याच चपट्या पेशींत पुढे विकृती निर्माण होऊ शकते. त्यांचे आकार बिघडतात, केंद्रके मोठी व गडद होतात, त्यांच्या मांडणीतील शिस्त मोडते. या अवस्थेला डिस्प्लेझिया म्हणतात, आणि तिच्या सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या मानल्या जातात. अस्तराची संपूर्ण जाडी विकृत पेशींनी व्यापली, परंतु अस्तराखालचे आधारपटल अजून अभंग आहे, अशा स्थितीला स्वस्थानी कर्करोग म्हणतात. ते पटल भेदले गेले की रोग खोल शिरतो. रक्तवाहिन्या व रसवाहिन्या त्याच्या हाती लागतात आणि तो शरीरात इतरत्र पसरण्याची शक्यता निर्माण होते.

हा क्रम तर्काने बांधलेला नाही. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ ऑस्कर ऑरबाक यांनी १९५० नंतरच्या दशकात धूम्रपान करणाऱ्या मृत व्यक्तींच्या श्वसनींचे असंख्य छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि धूम्रपान जितके अधिक तितके अस्तरातील बदल अधिक, हे दाखवून दिले. कोलोरॅडोमधील जेनो सॅकोमॅनो यांनी युरेनियमच्या खाणीतील कामगारांचा बेडका वर्षानुवर्षे तपासून सौम्य विकृतीपासून कर्करोगापर्यंतचा प्रवास नोंदविला. तो प्रवास बहुधा वर्षांनी मोजावा लागतो, असे त्यातून दिसले. रोगाला पिकायला वर्षे लागत असतील, तर त्याला मध्येच गाठण्याची संधीही वर्षांची असली पाहिजे. आरंभीच्या निदानाच्या सर्व प्रयत्नांचा पाया हा एवढाच आहे.

आता पाहण्याचा इतिहास. १८९७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियान यांनी एका ६३ वर्षांच्या शेतकऱ्याच्या उजव्या श्वसनीत अडकलेले डुकराच्या मांसातील हाड कठीण नळीच्या साहाय्याने बाहेर काढले. जिवंत माणसाच्या श्वसनीत नळी घालून पाहता येते, हे या प्रसंगाने सिद्ध झाले. पुढे फिलाडेल्फियाचे शेव्हॅलिअर जॅक्सन यांनी नळीच्या आतल्या टोकाशी दिवा बसवला आणि या तंत्राला शिस्त लावली. तरीही ती नळी सरळ व धातूची होती. रुग्णाची मान मागे वाकवून ती घालावी लागे, आणि वळणावरच्या शाखा नजरेच्या बाहेर राहत.

वळणापलीकडे पाहायचे तर प्रकाशालाच वळवणे भाग होते. १९५४ सालच्या जानेवारी महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. कपानी हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले आणि आग्र्याला शिकलेले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ते संशोधन करीत होते. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी बांधली, तर प्रत्येक तंतू प्रतिमेचा एकेक कण वाहून नेतो आणि जुडी वाकवली तरी प्रतिमा मोडत नाही, हे त्यांनी दाखविले. या तत्त्वावर आधी जठर पाहण्याची लवचीक दुर्बीण तयार झाली. त्यानंतर टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील शिगेतो इकेदा यांनी श्वसनीसाठी तशी दुर्बीण घडवून घेतली आणि १९६६ साली कोपनहेगन येथील परिषदेत ती सादर केली. जिला आपल्याकडे रुग्ण साध्या भाषेत ‘छातीतली दुर्बीण’ म्हणतात, ती ब्राँकोस्कोपी या टप्प्यावर आजच्या स्वरूपात आली. पुढे तंतूंच्या जुडीऐवजी नळीच्या टोकाशी इवलासा कॅमेरा बसला आणि श्वसनीचे चित्र पडद्यावर दिसू लागले.

तेव्हा दृष्टी पोहोचली; पण तिला सर्व काही दिसत होते काय ? दिसत नव्हते. स्वस्थानी कर्करोगाचा डाग बहुधा काही मिलिमीटर रुंद आणि पेशींच्या मोजक्या थरांइतका जाड असतो. साध्या पांढऱ्या प्रकाशात तो भोवतालच्या गुलाबी अस्तराहून वेगळा उठून दिसतोच असे नाही. फार तर थोडी लाली, थोडा खरखरीतपणा, शाखा फुटते त्या कडेचा किंचित बोथटपणा, इतकीच त्याची खूण. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनुभवी डॉक्टरांनाही स्वस्थानी कर्करोगांपैकी जेमतेम ३० टक्के दुर्बिणीतून ओळखता आले होते. बेडक्यात कर्करोगाच्या पेशी सापडत आहेत, क्ष-किरण चित्र स्वच्छ आहे आणि दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, असे रुग्ण त्या काळी डॉक्टरांना कोड्यात टाकीत. चोर घरात आहे हे ठाऊक, पण तो कोणत्या खोलीत आहे ते कळेना.

येथे प्रकाशाच्या एका गुणधर्माचा आधार मिळाला. काही पदार्थांवर एका रंगाचा प्रकाश टाकला असता ते दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देतात. या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. आरंभी संशोधकांनी रुग्णाला हिमॅटोपॉर्फिरिनच्या जातीचे औषध टोचून पाहिले. ते कर्करोगाच्या पेशींत अधिक साठते आणि योग्य प्रकाशात तांबडे चमकते. परंतु या औषधाने रुग्णाची त्वचा इतकी संवेदनशील होई, की कित्येक आठवडे त्याला उन्हापासून जपावे लागे. रायपूरच्या वैशाखात हे पथ्य किती अवघड, ते सांगायला नको.

मग असे ध्यानात आले की औषधाची गरजच नाही; श्वसनीचे अस्तर स्वतःच चमकते. अस्तराखालील कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांवर निळा प्रकाश पडला की ती हिरवट प्रकाश परत देतात. ही चमक फार मंद असते आणि नेहमीच्या उजेडात हरवून जाते. कॅनडात व्हँकुव्हर येथे स्टीफन लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीलियम-कॅडमियम लेसरचा ४४२ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश वापरून आणि परत येणारी चमक अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने टिपून एक यंत्र सिद्ध केले. त्या यंत्रात निरोगी अस्तर हिरवे दिसे आणि विकृत जागा तांबूस-तपकिरी दिसे. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. विकृत पेशींचे थर वाढल्यामुळे अस्तर जाड होते, त्यामुळे निळा प्रकाश खाली कमी पोहोचतो आणि खालची चमक वर कमी येते. शिवाय तेथे रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. म्हणजे येथे रोग स्वतः उजळून दिसत नाही. भोवतीचा प्रकाश त्याच्यापाशी मंदावतो, म्हणून तो कळतो.

लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांतील १७३ व्यक्तींवर केलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या प्रकाशाच्या जोडीला प्रतिदीप्ती वापरली असता, केवळ पांढऱ्या प्रकाशाच्या मानाने, अस्तरापुरत्या मर्यादित असलेल्या गंभीर विकृती शोधण्याची क्षमता सहापटीहून अधिक वाढली. आकडा डोळे दिपवणारा होता. परंतु त्याच अभ्यासात दुसराही एक आकडा होता. प्रतिदीप्तीने संशयास्पद ठरविलेल्या जागांतून तुकडे काढून तपासले, तेव्हा तीनपैकी साधारण एकीतच खरी विकृती निघाली. उरलेल्या दोन जागा दाहाच्या, जुनाट खोकल्याच्या किंवा जखम भरून आलेल्या व्रणाच्या होत्या. जेथे अस्तर जाड झाले, जेथे रक्त अधिक आहे, तेथे चमक मंदावणारच. तिला दाह आणि कर्करोग यांतील भेद कळत नाही.

हा दोष सर्वत्र सारखा नडत नाही. थंड देशातील स्वच्छ श्वसनीत तो एक त्रास आहे. आपल्याकडे तो मोठा अडथळा ठरू शकतो. क्षयाने श्वसनीत सोडलेले व्रण, चुलीच्या धुराने आलेला जुनाट दाह, कारखान्याच्या धुळीने लालावलेले अस्तर या सर्व गोष्टी यंत्राच्या पडद्यावर तांबूस दिसतात. प्रत्येक तांबूस जागेतून तुकडा काढायचा म्हटले तर तपासणी लांबते, रक्तस्राव संभवतो आणि विकृतिशास्त्रज्ञावर भार पडतो. म्हणून परदेशातील आकडे जसेच्या तसे उचलून आणता येत नाहीत.

यावर तोडगा म्हणून रक्तवाहिन्यांची नक्षीच पाहावी, अशी कल्पना पुढे आली. कोणत्याही गाठीला वाढायचे असेल तर रक्त हवे, आणि विकृती गंभीर होऊ लागली की तिच्याखालच्या केशवाहिन्या बदलू लागतात. त्या वेड्यावाकड्या होतात, दाटीने उभ्या राहतात, आणि वरून पाहता ठिपक्यांसारख्या दिसतात. जपानमध्ये काझुहिरो गोनो यांनी विकसित केलेल्या अरुंदपट्टा प्रकाशाच्या तंत्रात पांढऱ्या प्रकाशातील बाकीचे रंग गाळून फक्त दोन पट्टे ठेवले जातात : ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा. रक्तातील हिमोग्लोबिन नेमके हेच रंग जोराने शोषते. निळा प्रकाश वरच्या थरातच थांबतो, म्हणून पृष्ठभागालगतच्या केशवाहिन्या तपकिरी उमटतात. हिरवा किंचित खोल जातो, म्हणून खालच्या वाहिन्या निळसर दिसतात. चिबा विद्यापीठातील कियोशी शिबुया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हे तंत्र श्वसनीत वापरून ठिपकेदार वाहिन्यांचे चित्र आणि गंभीर विकृती यांचे नाते दाखविले. प्रतिदीप्तीच्या मानाने या तंत्रात खोट्या धोक्याच्या सूचना कमी मिळतात, असे पुढील अनेक अभ्यासांत आढळले. व्यवहाराच्या दृष्टीने आणखी एक सोय आहे. अनेक आधुनिक दुर्बिणींत हा प्रकाश अंगभूतच असतो आणि एक कळ दाबली की तो सुरू होतो. वेगळ्या औषधाची गरज नाही, वेगळ्या लेसरची गरज नाही. गरज आहे ती शिकलेल्या डोळ्याची.

डाग सापडला तरी तो किती खोल आहे हे पृष्ठभाग पाहून कळत नाही. त्यासाठी दुर्बिणीच्या नळीतून श्राव्यातीत ध्वनीची बारीक सळई घालतात. तिच्या भोवती पाण्याने भरलेला लहान फुगा असतो. श्वसनीच्या भिंतीचे थर त्यातून वेगवेगळे दिसतात आणि कूर्चेचा थर ओलांडला गेला आहे किंवा नाही, हे ठरविता येते. ध्वनीऐवजी प्रकाशाच्या परावर्तनाने भिंतीचा आडवा छेद दाखविणारे दुसरे तंत्र १९९१ साली प्रथम जाहीर झाले आणि नेत्रवैद्यकात रूढ झाले. श्वसनीत ते दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंतचे थर ध्वनीपेक्षा कितीतरी अधिक बारकाव्याने दाखविते. तिसरे तंत्र म्हणजे लेसरचा सूक्ष्मदर्शकच नळीच्या टोकाशी नेणे. फ्रान्समधील रूआँ येथील संशोधकांनी २००७ साली त्याने जिवंत माणसाच्या श्वसनीतील इलॅस्टिनचे जाळे प्रत्यक्ष पाहिले. विकृतीच्या जागी ते जाळे विस्कटलेले होते. परंतु या प्रकाशात पेशी स्वतः दिसत नाहीत. त्यामुळे तुकडा काढून तो विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठविणे यांपैकी कोणत्याही तंत्राने टळलेले नाही. ही सारी साधने तुकडा कोठून काढावा हे सांगतात. तो काय आहे हे सांगत नाहीत.

आता समजा, डाग सापडला, तुकड्याने त्याचे स्वरूप पटले, आणि तो उथळ ठरला. पुढे काय ? छाती उघडून फुप्फुसाचा भाग काढणे हा मार्ग आहेच. परंतु ज्याचे फुप्फुस धुराने आधीच खिळखिळे झाले आहे त्याला तो झेपेलच असे नाही. अशा रुग्णांत दुर्बिणीतूनच डाग जाळता येतो, गोठवता येतो किंवा प्रकाशक्रिय औषध देऊन लेसरने नष्ट करता येतो. या शेवटच्या उपचाराचा पाया टोकियोच्या योशिहिरो हायाता यांनी १९८० च्या सुमारास घातला. लहान व उथळ डागांत या उपचारांचे यश चांगले आहे. आरंभीच्या निदानाचे खरे फळ हेच : छाती न उघडता रोग संपतो.

तथापि येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. प्रत्येक डाग पुढे कर्करोग होतोच काय ? सौम्य विकृती पुष्कळदा आपोआप मावळतात. विशेषतः धूम्रपान सुटले तर. स्वस्थानी कर्करोगाचेही सर्वच डाग पुढे जात नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी अशा रुग्णांना वर्षानुवर्षे दुर्बिणीच्या देखरेखीखाली ठेवले. काही डाग खोल रुजले आणि काही उपचाराशिवाय नाहीसे झाले, असे त्यांना आढळले. २०१९ साली त्यांनी दाखविले की पुढे जाणाऱ्या आणि मावळणाऱ्या डागांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्यात फरक असतो; सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखे दिसले तरी आतून ते सारखे नसतात. म्हणून दिसला डाग की जाळला, हा नियम होऊ शकत नाही. कोणाचा डाग जाळायचा आणि कोणाला सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचे, हा निर्णय वैद्याला घ्यावा लागतो. आणि पुन्हा बोलावलेला रुग्ण पुन्हा आला पाहिजे, ही त्या निर्णयाची अट असते. जगदलपूर रायपूरहून सुमारे ३०० किलोमीटर आहे. सुकमा त्याहूनही दूर. रोजगार बुडवून, सोबतीला माणूस घेऊन, ज्याला आज काहीच दुखत नाही अशा मनुष्याने इतक्या दुरून दुसऱ्यांदा यावे, ही अपेक्षा कागदावर सोपी दिसते.

मग सर्वच विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची दुर्बिणीने तपासणी करावी काय ? याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की अधिक रोग सापडणे आणि अधिक जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत बेडका व क्ष-किरण यांच्या तपासण्यांचे मोठे प्रयोग झाले. रोग अधिक सापडला, पण त्याने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. याउलट २०११ साली ५३ हजारांहून अधिक व्यक्तींवरील अमेरिकी अभ्यासात, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांची कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने वार्षिक तपासणी केली असता, साध्या क्ष-किरणाच्या मानाने फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. प्रतिदीप्ती किंवा अरुंदपट्टा प्रकाश यांच्या बाजूने असा पुरावा उपलब्ध नाही. दुसरे कारण रोगाच्या बदललेल्या स्थानाचे आहे. पूर्वी बुंध्याजवळच्या फांद्यांत उगवणारा चपट्या पेशींचा कर्करोग अधिक आढळे. आता भारतातही पानांजवळ उगवणाऱ्या ग्रंथिकर्काचे प्रमाण वाढले आहे, आणि तेथवर दुर्बीण पोहोचत नाही. सीटी स्कॅनला पाने दिसतात पण फांदीच्या सालीवरचा डाग दिसत नाही. दुर्बिणीला साल दिसते पण पाने दिसत नाहीत. ही दोन साधने परस्परांची स्पर्धक नसून पूरक आहेत.

तेव्हा या विशेष प्रकाशाचे कार्यक्षेत्र मर्यादित, परंतु स्पष्ट आहे. ज्यांच्या बेडक्यात विकृत पेशी सापडल्या पण चित्रात गाठ नाही असे रुग्ण. ज्यांच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होणार आहे आणि ज्यांत रोगाची कड नेमकी कोठे संपते हे ठरवायचे आहे असे रुग्ण. आणि ज्यांना एकदा तोंडाचा, घशाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग होऊन गेला आहे असे लोक. तंबाखूचा मारा एकाच ठिकाणी होत नाही. साऱ्या अस्तरावर होतो. त्यामुळे एका जागचा रोग बरा झाला तरी दुसऱ्या जागी तो उगवू शकतो. तोंडाचा कर्करोग जेथे इतका आढळतो, त्या छत्तीसगडात आणि विदर्भात ही तिसरी यादी लहान असणार नाही.

या यादीतील रुग्ण दुर्बिणीपर्यंत पोहोचतो का, हा खरा कसोटीचा मुद्दा आहे. रायपुरात १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच्याशी संलग्न डॉ. भीमराव आंबेडकर स्मारक रुग्णालयात कर्करोगाचे प्रादेशिक केंद्र चालते. २०१२ साली टाटीबंध येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे काम सुरू झाले. गोंदिया, आमगाव, देवरी या मराठी भागातील रुग्णांनाही नागपूरइतकेच रायपूर जवळचे आहे. पण तेथवर येण्यापूर्वी रुग्णाचे जे महिने जातात त्यांचे काय ? खोकला येतो, अंग झडते, क्ष-किरण चित्रात छाया दिसते, आणि आपल्या देशात अशी छाया दिसली की पहिला संशय क्षयावर जातो. तो जाणे चुकीचे नाही. क्षय येथे खरोखरच अधिक आहे. चूक पुढची आहे. जंतूंचा पुरावा मिळाला नसताना क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, महिने उलटतात, छाया हटत नाही, आणि मग कोणाच्या तरी मनात दुसरी शंका येते. तोवर जो डाग प्रकाशाने शोधायचा तो डाग राहिलेला नसतो. त्याची गाठ झालेली असते, आणि ती पाहायला विशेष प्रकाश लागत नाही.

यावरून कामाचा क्रम ठरतो. आधी जिल्ह्याच्या रुग्णालयात बेडक्याची खात्रीची तपासणी हवी. जंतू सापडले नाहीत तर सीटी स्कॅन आणि साधी दुर्बीण विनाविलंब मिळावी. काढलेला तुकडा नीट वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ असावा. आणि त्यानंतर, मोठ्या केंद्रात, हा निळा-हिरवा प्रकाश. पहिल्या तीन पायऱ्या वगळून चौथी बांधली तर ती हवेत राहील. उलट पहिल्या तीन भक्कम झाल्या तर चौथीचा खर्च सार्थ होईल, कारण तिच्यापर्यंत योग्य रुग्ण योग्य वेळी येईल.

सर्वसामान्य माणसाच्या हातात काय आहे, हेही सांगितले पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला अंगावर काढू नये. सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. बेडक्यातून रक्त पडले, आवाज बसला, जुन्या खोकल्याची जात बदलली, किंवा फुप्फुसाच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाला, तर विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या विडीबाजाने दुर्बिणीची तपासणी हवी काय, असे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. क्षयाचे औषध सुरू असूनही छाया कमी होत नसेल तर तसेच विचारावे. असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. ज्याने तंबाखू सोडली त्याच्या अस्तरातील बदल मागे फिरू लागतात. हे फळ देणारे यंत्र अद्याप कोणी तयार केलेले नाही.

किलियान यांनी १८९७ साली ज्या अंधाऱ्या नळीत डोकावून पाहिले, तिच्यात आज केसाएवढी रक्तवाहिनीही ओळखता येते. अवघ्या सव्वाशे वर्षांतील ही प्रगती विलक्षण आहे. तिचा लाभ बस्तरच्या तेंदूपत्ता तोडणाऱ्याला आणि गोंदियाच्या विडी कामगाराला किती लवकर मिळतो, यावरच तिचे मोल ठरणार आहे.